तुकाराम दिसत होते, पण ऐकू येत नव्हते

गोष्ट छोटीशीच आहे, पण तिचा धागा ओढत गेलो आणि पार खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभापर्यंत पोहोचलो. पोस्ट लांब झालीय. सवडीने वाचा.

आमच्या पेठेतल्या वाचनालयाला एका कार्यालयाने दहा जुने कॉम्प्युटर दिले. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला ही मशिनं चालत नाहीत, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने ती भंगार. आमच्यातला पॉलिटेक्निकचा एक पोरगा म्हणाला, "काका, भंगार न्हाई ओ, लिनक्स टाकू." नऊ मशिनांवर त्याने लिनक्स मिंट टाकलं. दहाव्यावर हौसेने फेडोरा.

उद्घाटनाला काय दाखवायचं? एकमताने 'संत तुकाराम'. प्रभातचा, १९३६ चा. आपल्या कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर साठ वर्षं असतो, म्हणजे हा केव्हाच सगळ्यांचा झालेला आहे. परवानगीचा प्रश्न नाही. खुर्च्या मांडल्या, प्रोजेक्टर लावला, शे-सव्वाशे माणसं जमली. पडद्यावर विष्णुपंत पागनीस आले, ओठ हलायला लागले आणि आवाज शून्य.

मागून एक आजोबा म्हणाले, "बाबूराव पेंटरांचा काळ आला की परत!"

हसलो सगळे. पण आजोबांनी नकळत दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. बाबूराव पेंटर म्हणजे बाबूराव कृष्णराव मेस्त्री. चुलतभाऊ आनंदराव आणि ते, दोघांनी सिनेमाच्या वेडापायी आधी जुना प्रोजेक्टर मिळवला, तो उघडून बघितला, आणि मग आपण स्वतःच कॅमेरा करायचा असं ठरवलं. आनंदराव १९१६ ला गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा पुरा केला आणि त्यावर 'सैरंध्री' काढला, जो १९२० मध्ये पुण्यात लागला. परदेशी यंत्र बंद डब्यात येतं, आपण ते फक्त वापरायचं, ही गोष्ट कोल्हापूरच्या या माणसाला मान्यच नव्हती. डबा उघडायचा, आतलं समजून घ्यायचं, नाही जमलं तर नवं घडवायचं.

बोलपट आले तेव्हा मात्र बाबूराव फारसे खूश नव्हते. चित्राची भाषा बोलण्याने बिघडेल, असं त्यांना वाटायचं. पण त्यांच्याच हाताखाली तयार झालेले दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर १ जून १९२९ ला बाहेर पडले, सीतारामपंत कुलकर्ण्यांना बरोबर घेऊन कोल्हापुरातच प्रभात काढली, आणि १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' आणला. मराठीतला पहिला बोलपट. हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे, तारामती दुर्गा खोटे. ध्वनीची बाजू दामल्यांकडे. पार्श्वगायन तेव्हा नव्हतंच. नटाने गायचं, वादकांनी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर बसून वाजवायचं आणि सगळं एका दमात टिपायचं. एकाची चूक झाली की सगळं पहिल्यापासून. दामल्यांसारख्या चित्रकार-मेस्त्री माणसाने हे तंत्र कुठल्या कॉलेजात न जाता आत्मसात केलं. त्याच दामले-फत्तेलाल जोडीने पुढे पुण्याला गेल्यावर 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला, आणि त्याचाच आवाज आमच्याकडे येत नव्हता. लाज वाटायलाच हवी होती.

आता बिघाड कसा सापडला ते सांगतो. सोपं आहे, घरी उपयोगी पडेल.

पोरगा गडबडला नाही. त्याने पहिल्यांदा फायरफॉक्समध्ये यूट्यूब लावून बघितलं. तिथेही आवाज नाही. म्हणजे दोष फिल्मच्या फाइलमध्ये नाही, प्लेअरमध्येही नाही. मग साउंड सेटिंगमध्ये आउटपुट बघितलं. तिथे एचडीएमआय निवडलेलं. प्रोजेक्टर एचडीएमआयच्या वायरने जोडला होता, लिनक्सला वाटलं आवाजही तिकडेच पाठवायचा. आणि आमच्या प्रोजेक्टरला स्पीकरच नाही! आवाज जात होता, पण भिंतीत. त्याने मागच्या जॅकचं लाइन आउट निवडलं. तरी शांतता. पण आवाजाची हिरवी पट्टी मात्र पडद्यावर वरखाली नाचत होती. म्हणजे सॉफ्टवेअर आपलं काम करतंय, अडलंय त्याच्या खाली.

इथे जरा थांबून लिनक्समधल्या आवाजाचा इतिहास सांगावा लागेल, कारण "खाली" म्हणजे काय ते त्याशिवाय कळायचं नाही.

लिनक्स १९९१ चं. त्यात आवाज आणला फिनलंडच्या हन्नू सावोलाइनेन यांनी १९९२ च्या सुमारास. ती पद्धत पुढे ओएसएस म्हणून ओळखली गेली. तिच्यात अडचण अशी की, एका प्रोग्रामने साउंड कार्ड धरलं की बऱ्याचदा दुसऱ्याला ते मिळायचंच नाही. गाणं चालू असताना दुसरा आवाज आला की तो मुका. एकाच माइकसाठी दोन पुढाऱ्यांची ओढाताण आपण सभेत बघतो, तसंच. पुढे ओएसएसची नवी आवृत्ती धंदेवाईक झाली, आणि झेक प्रजासत्ताकातल्या यारोस्लाव किसेला यांनी सुरू केलेलं अल्सा २००३ च्या शेवटी आलेल्या २.६ कर्नलमध्ये मुख्य झालं. अल्सा म्हणजे थेट हार्डवेअरशी बोलणारा थर.

त्याच्यावर २००४ मध्ये लेनार्ट पोटरिंग यांनी पल्सऑडिओ बांधलं. प्रत्येक प्रोग्रामचा आवाज वेगळा कमीजास्त करता यावा, हेडफोन लावला की आवाज आपोआप तिकडे जावा, यासाठी. फेडोराने ते २००७ मध्ये घेतलं, उबुंटूने एप्रिल २००८ मध्ये. आणि मग जी बोंबाबोंब झाली! ज्यांनी त्या काळात लिनक्स वापरलंय त्यांना आठवत असेल: आवाज फाटायचा, तुटायचा, गायब व्हायचा, आणि जो तो सल्ला द्यायचा की पल्सऑडिओच काढून टाक. माझ्या मते त्या शिव्यांतल्या निम्म्या चुकीच्या पत्त्यावर गेल्या. ड्रायव्हरमधले जुने दोष आधी कुणी वापरतच नव्हतं म्हणून झाकलेले होते, पल्सऑडिओने ते उघडे पाडले. पण साध्या वापरणाऱ्याला त्याचं काय? त्याला गाणं ऐकू यायला पाहिजे. लिनक्सवाल्यांनी लोकांना "तुमचा ड्रायव्हर वाईट आहे" असं ऐकवण्यात दोन-तीन वर्षं घालवली, आणि तेवढ्यात माणसं परत विंडोजकडे गेली.

आता पल्सऑडिओची जागा पाइपवायरने घेतलीय. विम टायमन्स यांनी ते मुळात व्हिडिओसाठी सुरू केलं होतं, आवाज नंतर आत आला. २०२१ मध्ये फेडोरा ३४ ने, २०२४ मध्ये लिनक्स मिंट २२ ने ते स्वीकारलं. बदल इतका गुपचूप झाला की बहुतेकांना कळलंही नाही.

तर आमच्या मशिनावर वर पाइपवायर, खाली अल्सा. पोरग्याने टर्मिनल उघडून अल्सामिक्सर लावलं. त्यात दोन गोष्टी बघायच्या असतात. पट्टीखाली 'एमएम' दिसलं तर ती मुकी आहे, 'एम' बटण दाबलं की बोलकी होते. ते ठीक होतं. दुसरी गोष्ट, 'ऑटो-म्यूट मोड'. पुढच्या जॅकमध्ये हेडफोन घातला की मागचे स्पीकर आपोआप बंद करायचे, ही ती सोय. ती चालू होती. आणि मशिन म्हणत होतं, हेडफोन लावलेला आहे.

"काका, कुठं हाय हेडफोन?"

नव्हताच. ऑटो-म्यूट बंद केल्याबरोबर हॉलभर इंद्रायणीकाठचा आवाज घुमला आणि टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी टॉर्च लावून बघितलं तर पुढच्या जॅकमध्ये कुणाच्या तरी इअरफोनची मोडलेली पिन अडकून राहिली होती. गुजरीतल्या एका कारागिराकडून बारीक चिमटा आणून काढली. हा बिघाड विंडोजवरही झाला असता. फरक एवढाच की, इथे प्रत्येक थर उघडून बघता आला.

दुसरा बिघाड फेडोराच्या मशिनावर झाला, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वाचनालयाच्या कार्यक्रमाचं मोबाइलवरचं शूटिंग लावलं तर आवाज येतोय, पण पडदा काळा. मशिन तेच, वायर तीच. मिंटवर तीच फाइल झकास चालते. का?

कारण नवे मोबाइल बऱ्याचदा एच.२६५ या पद्धतीने व्हिडिओ दाबून साठवतात. २०१३ ची पद्धत. तिच्यावर शेकडो पेटंट, आणि वसुली करणारे एके काळी एक नाही, तीन-तीन गट होते. फेडोराच्या मागे रेड हॅट ही अमेरिकन कंपनी, अमेरिकेत सॉफ्टवेअर पेटंटवर खटले होतात, म्हणून फेडोरा ते डिकोडर देतच नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये तर त्यांनी ग्राफिक्स कार्डातूनच एच.२६४ आणि एच.२६५ उलगडण्याची सोयही आपल्या बाजूने बंद केली. कार्ड तुमचं, पैसे तुम्ही मोजलेले, पण सॉफ्टवेअर म्हणतं हात लावणार नाही. आणि विंडोजवाल्यांनी हसू नये. त्यांच्या स्टोअरमध्येही एच.२६५ चं एक्स्टेंशन वेगळे पैसे घेऊन विकलं जातं.

हे काही नवं नाही. एमपी३ गाणी लिनक्सवर का वाजत नाहीत, हा प्रश्न मी २००६-०७ मध्ये शंभर वेळा ऐकलाय. उत्तर तेच, पेटंट. फेडोराने एमपी३ ऐकायची सोय दिली ती नोव्हेंबर २०१६ मध्ये, आणि फ्राउनहोफर संस्थेने परवान्यांचा कार्यक्रम बंद केला एप्रिल २०१७ मध्ये. तोपर्यंत एमपी३ चा जमानाच सरत आला होता! लिनक्स मिंट सुरुवातीला लोकप्रिय झालं त्यात हे एक मोठं कारण होतं, की त्यात गाणी-सिनेमे पहिल्या दिवसापासून चालायचे. आजही मिंट टाकताना 'मल्टिमीडिया कोडेक्स' असा एक चौकोन येतो. त्यावर टिक करायला विसरू नका. फेडोरावर आरपीएम फ्यूजन ही वेगळी रिपॉझिटरी जोडून पूर्ण एफएफएमपेग घ्यावं लागतं. पोरग्याने दहा मिनिटांत केलं, काळा पडदा गेला.

आता भारताचा प्रश्न. आपल्या पेटंट कायद्यात कलम ३ (के) आहे: निव्वळ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाही. डिसेंबर २००४ मध्ये सरकारने अध्यादेश काढून त्याला मोठी फट पाडली होती. उद्योगातला तांत्रिक वापर आणि हार्डवेअरशी जोडणी यांना वाट मोकळी. २००५ मध्ये संसदेत विरोध झाला आणि ती फट बुजवली गेली. औषधांच्या पेटंटवरून तेव्हा झालेला गदारोळ सगळ्यांना आठवतो, ३ (के) ची ही लढाई कुणालाच आठवत नाही. पण म्हणून इथे सगळं मोकळं रान आहे असंही समजू नका. जुलै २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने डीव्हीडी प्लेअर जोडून विकणाऱ्यांविरुद्ध फिलिप्सच्या बाजूने निकाल दिला, तो पेटंटच्याच आधारावर. घरी बसून सिनेमा बघणारा आणि प्लेअर बनवून विकणारा उद्योजक यांच्यात फरक आहे, आणि आपल्या उद्यमनगरात उद्या कुणी असा डबा बनवायचं ठरवलं तर त्याला हे माहीत असलेलं बरं.

डीव्हीडीवरून आठवलं. १९९९ मध्ये नॉर्वेच्या पंधरा वर्षांच्या योन लेक योहानसेनने डीव्हीडीचं कुलूप उघडणारा प्रोग्राम प्रसिद्ध केला. विकत घेतलेली डीव्हीडी लिनक्सवर बघता यावी, हा त्याचा बचाव होता. खटला झाला. २००३ मध्ये दोन्ही न्यायालयांत तो निर्दोष सुटला. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५ए कुलूप तोडणं गुन्हा ठरवतं, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. विकत घेतलेली डीव्हीडी घरी बघणारा त्यात येत नाही, असं मी त्याचं वाचन करतो. उबुंटूवर ते कुलूप उघडणारी लायब्ररी तयार मिळत नाही, तुमच्या मशिनावर ती तुम्हीच 'बांधता'. वकिलांनी घडवलेलं सॉफ्टवेअर असं दिसतं बघा!

आणि व्हीएलसी. ते नारिंगी शंकूवालं. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी कॉलेजच्या पोरांनी १९९६ मध्ये सुरू केलं. त्यांना खरं तर वसतिगृहात वेगवान नेटवर्क पाहिजे होतं, त्यासाठी निमित्त म्हणून नेटवर्कवरून टीव्ही दाखवायचा प्रकल्प घेतला. २००१ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. स्वतःच्या पोटातच सगळे डिकोडर बाळगत असल्याने "काहीही चालवतं" अशी त्याची ख्याती. २०२२ मध्ये भारतातून व्हीएलसीची वेबसाइटच उघडेना. सरकारने बंद केली होती. कारण जाहीर नाही, सूचना नाही, सुनावणी नाही. व्हिडिओलॅन आणि इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनने कायदेशीर नोटीस पाठवली, आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. कोट्यवधी लोक वापरतात असा एक प्लेअर, कित्येक महिने त्याचं अधिकृत दार बंद, आणि आपल्याकडे त्यावर एक साधी चर्चा झाली नाही. लोकांनी मिळेल तिथून डाउनलोड केलं असणार. खरा व्हायरसचा धोका तर तिथेच होता.

केंद्राने २०१० मध्ये ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण जाहीर केलंय, २०१५ मध्ये खुल्या सॉफ्टवेअरचंही. केरळने शाळाशाळांत लिनक्स नेलं. मग आपल्या महापालिका, जिल्हा परिषदा, विद्यापीठं आपली ध्वनिचित्र नोंद कुठल्या स्वरूपात ठेवतात? वीस वर्षांनी ती कोण आणि कशावर उघडणार? माहितीच्या अधिकारात विचारण्यासारखा प्रश्न आहे. मी विचारणार आहे.

हा प्रश्न पोकळ नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यातले हाताच्या बोटांवर दोन-तीन फेऱ्यांत मोजता येतील एवढेच उरले. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा 'सावकारी पाश', शेतकऱ्याच्या कर्जाची गोष्ट, आज बघायला मिळत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या साठ्याला आग लागली आणि नायट्रेटची रिळं गेली. त्यात प्रभातच्या काळातली रिळंही होती. सुदैवाने बऱ्याच चित्रपटांच्या प्रती दुसऱ्या फिल्मवर आधीच काढलेल्या होत्या, म्हणून तुकाराम उरले. प्रत काढली म्हणून उरले. आज जगभरातले संग्रह डिजिटल प्रत ठेवायला एफएफव्ही१ नावाचं कोडेक वापरतात, ज्यात चित्राचा एक कणही गळत नाही. ते कुठल्या कंपनीचं नाही. एफएफएमपेगवाल्या स्वयंसेवकांनी २००३ च्या सुमारास लिहिलं, आणि २०२१ मध्ये त्याचा तपशील अधिकृतरीत्या प्रसिद्ध झाला.

आमच्या रविवारनंतर लोक घरातल्या सीडी घेऊन यायला लागले. लग्नं, जत्रा, शाहिरीचे कार्यक्रम, तालमीचा गणपती, सगळं २००० ते २००८ च्या व्हीसीडीवर. इथे तिसरा बिघाड. फाइल दिसते, पण कॉपी करायला गेलं की 'इनपुट-आउटपुट एरर'. लोकांना वाटतं सीडी खराब झाली, टाकून देतात. टाकू नका! व्हीसीडीवर जास्त मिनिटं बसावीत म्हणून प्रत्येक सेक्टरमध्ये चूक-दुरुस्तीची माहिती कमी करून तिथे व्हिडिओ भरलेला असतो. साध्या सेक्टरमध्ये २०४८ बाइट, इथे २३२४. लिनक्स ती साध्या फाइलसारखी वाचायला जातं आणि अडखळतं. व्हीएलसीमध्ये 'ओपन डिस्क' करून व्हीसीडी निवडा, चालते. प्रत काढायची तर व्हीसीडी-एक्सरिप नावाचं छोटं साधन आहे. डॅट फाइल म्हणून घाबरू नका, आत साधा एमपेग-१ आहे, ज्याची पेटंटं केव्हाच संपलीत.

एक्केचाळीस सीडी आल्या, चौतीस उतरवून झाल्या. चार बुरशी लागून गेल्या. तीन अजून पोरगा झगडतोय, त्यातली एक त्याच्या आजोबांच्या कुस्तीची आहे, म्हणून सोडायला तयार नाही.

ज्यांच्याकडे चालू स्थितीतला जुना सीडी ड्राइव्ह पडून असेल त्यांनी कळवा, दोन पाहिजेत. येत्या रविवारी संध्याकाळी सहाला 'अयोध्येचा राजा' लावतोय. या वेळी आवाज साडेपाचलाच तपासून ठेवू.